यंत्राचे आयुष्य पंचवीस वर्षांचे, संगणकप्रणालीचे दहा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने 'विंडोज १०' या ऑपरेटिंग सिस्टीमला देण्यात येणारे नेहमीचे विनामूल्य साहाय्य थांबविले. घरातील संगणकापुरता हा फार मोठा प्रश्न नव्हता. कारखानदारीत मात्र या तारखेने अनेक जुने प्रश्न एकदम वर आणले. चाकण-भोसरीतील सुटे भाग बनविणारी लघुउद्योगशाळा असो, नाशिकच्या अंबडमधील पॅनेलचा कारखाना असो की कोल्हापूरची फाउंड्री, आज एकही उत्पादक उद्योग संगणकाविना चालत नाही. बिल, चलन, ई-वे बिल, ड्रॉइंग, यंत्राचा प्रोग्राम, तपासणीचा अहवाल हे सारे कोणत्या ना कोणत्या प्रणालीवर अवलंबून असते. तरीही ती प्रणाली निवडण्याचा निर्णय बहुधा संगणक विकणाऱ्या दुकानदारावर सोडलेला असतो.

'विंडोज की लिनक्स' हा वाद दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे आणि तो बहुतेक वेळा किमतीवर किंवा आवडीनिवडीवर येऊन थांबतो. कारखान्यासाठी मूळ मुद्दा आयुष्याच्या विजोडपणाचा आहे. चांगला सीएनसी लेथ किंवा व्हर्टिकल मशिनिंग सेंटर वीस-पंचवीस वर्षे सहज काम देते. त्याच्या शेजारचा संगणक ज्या प्रणालीवर चालतो, तिचे आयुष्य साधारण दहा वर्षांचे असते. 'विंडोज एक्सपी' २००१ साली आली आणि तिचे साहाय्य ८ एप्रिल २०१४ रोजी संपले. 'विंडोज ७' २००९ ते जानेवारी २०२० अशी टिकली, तर 'विंडोज १०' जुलै २०१५ मध्ये येऊन ऑक्टोबर २०२५ मध्ये निवृत्त झाली. म्हणजे २००५ साली घेतलेल्या यंत्राने आपल्या हयातीत तीन प्रणालींची अखेर पाहिली. यंत्राचा घसारा हिशेबाच्या वहीत नियमाने मांडला जातो. प्रणालीच्या आयुष्याची नोंद मात्र बहुतेक ठिकाणी कुठेच सापडत नाही.

साहाय्य संपते म्हणजे काय?

साहाय्य संपले म्हणून संगणक बंद पडत नाही. तो पूर्वीसारखाच चालतो आणि त्यामुळेच धोका दिसत नाही. फरक एवढाच, की प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या उणिवा बुजविणारी दुरुस्ती यापुढे येत नाही. या फरकाची किंमत जगाने २०१७ साली पाहिली. १२ मे रोजी पसरलेल्या 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने विंडोजमधील फाइल-देवाणघेवाणीच्या यंत्रणेतील एका उणिवेचा वापर केला. त्या उणिवेवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध केली होती. पण ज्यांनी ती बसविली नव्हती ते सापडले. फ्रान्समध्ये रेनॉला काही कारखान्यांतील उत्पादन थांबवावे लागले, ब्रिटनमध्ये निस्सानच्या संडरलँड प्रकल्पाला फटका बसला. महिनाभराने, जूनमध्ये, जपानमधील होंडाच्या सायामा कारखान्यात हाच विषाणू आढळला आणि एक दिवस मोटारी बनणे बंद राहिले.

त्याहूनही बोलके उदाहरण तैवानच्या टीएसएमसीचे आहे. जगातील अत्यंत प्रगत चिप बनविणाऱ्या या कंपनीत ऑगस्ट २०१८ मध्ये, म्हणजे 'वॉनाक्राय' जगाला माहीत होऊन सव्वा वर्ष उलटल्यावर, त्याच विषाणूच्या एका अवताराने शिरकाव केला. नवे यंत्र जाळ्याला जोडण्यापूर्वी त्याची विषाणूतपासणी झाली नव्हती. आतील यंत्रे 'विंडोज ७' वर होती आणि त्यांवर दुरुस्ती बसविलेली नव्हती. उत्पादन सावरायला काही दिवस लागले. हलगर्जी फक्त लहान उद्योगांत असते, हा समज या घटनेने खोटा ठरविला. कार्यालयातील संगणकावर दुरुस्ती बसविणे सोपे असते. उत्पादनातील यंत्रावर ती बसवायची तर यंत्र थांबवावे लागते आणि यंत्र थांबविणे हेच कारखान्यात सर्वांत अवघड असते.

दुरुस्ती बसविली म्हणजे सारे निभावले, असेही नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' हा विषाणू युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून पसरला. त्याने संगणकांतील पासवर्ड चोरून दुरुस्ती बसविलेल्या यंत्रांतही प्रवेश मिळविला. मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीचे यात २० ते ३० कोटी डॉलरचे नुकसान झाले. तिच्या अध्यक्षांनी पुढे सांगितल्यानुसार चार हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक दहा दिवसांत नव्याने उभारावे लागले. या आघाताची झळ नवी मुंबईपर्यंत पोहोचली. जवाहरलाल नेहरू बंदरातील मर्स्क समूहाच्या टर्मिनलचे कामकाज विस्कळीत झाले आणि आयात-निर्यातीचे कंटेनर अडकून पडले. ज्यांचा माल त्या कंटेनरांत होता, त्यांच्या संगणकावर कोणती प्रणाली आहे याला त्या दिवशी काहीच अर्थ उरला नव्हता.

टेबलावरची निवड

कारखान्यात संगणक तीन ठिकाणी असतात: कार्यालयातील टेबलावर, सर्व्हरच्या कपाटात आणि यंत्राच्या शेजारी. तिन्हींच्या गरजा वेगळ्या असल्याने निवडही वेगळी करावी लागते.

टेबलावरच्या संगणकाबाबत विंडोजचे पारडे अजूनही जड आहे. टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलेले आहे. सॉलिडवर्क्ससारखे ड्रॉइंगचे सॉफ्टवेअर दुसऱ्या प्रणालीवर अधिकृतपणे चालत नाही. ऑटोकॅड मॅकवर मिळते, पण लिनक्सवर नाही. मोठा ग्राहक ज्या स्वरूपात ड्रॉइंग पाठवतो, त्याच स्वरूपात ते उघडले पाहिजे; तिथे पुरवठादाराच्या पसंतीला वाव नसतो. त्यामुळे हिशेब आणि डिझाइन या दोन विभागांत विंडोज सोडण्याचा हट्ट धरणे म्हणजे रोजच्या कामात स्वतःहून खोडा घालणे होय. मॅकची यंत्रे उत्तम खरी. तथापि त्यांची किंमत पाहता लघुउद्योगाच्या कार्यालयात त्यांना सर्वत्र स्थान मिळण्याची शक्यता कमी.

मात्र कारखान्यातील सगळेच टेबल हिशेबाचे किंवा डिझाइनचे नसतात. स्टोअर्समधील आवक-जावक, गेटपास, हजेरी, तपासणीचे तक्ते, शॉपफ्लोअरवर ड्रॉइंग पाहणे ही कामे आता बहुतांशी ब्राउझरमध्ये होतात. ब्राउझर आणि साधे ऑफिस सॉफ्टवेअर एवढीच गरज असलेल्या संगणकावर उबुंटूसारखे लिनक्स आणि लिबरऑफिस पुरेसे ठरते. उबुंटूच्या दीर्घकालीन आवृत्तीला पाच वर्षे विनामूल्य दुरुस्त्या मिळतात, २४.०४ या आवृत्तीची मुदत २०२९ पर्यंत आहे. 'विंडोज ११' साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या कित्येक संगणकांना ती दारे बंद झाली आहेत. असे संगणक भंगारात न काढता लिनक्सवर काही वर्षे वापरता येतात.

'विंडोज १०' वरच राहायचे असेल तर उद्योगांसाठी वाढीव सुरक्षेची योजना आहे, पण ती मोफत नाही. पहिल्या वर्षी प्रत्येक संगणकामागे ६१ डॉलर, नंतर दरवर्षी दुप्पट, असा हा दर आहे आणि योजना फार तर तीन वर्षांची, म्हणजे ऑक्टोबर २०२८ पर्यंतची. तीन वर्षांची बेरीज संगणकामागे ४२७ डॉलर होते. एवढ्या रकमेत अनेकदा नवा संगणकच येतो. मुदत वाढवून घेण्याचा उपयोग नियोजनाला अवधी मिळविण्यापुरता आहे.

या हिशेबात एक गोष्ट सहसा उघड बोलली जात नाही. ती म्हणजे विनापरवाना प्रती. जुळवणी करून देणाऱ्याने 'विंडोज टाकून दिली' असे म्हटले की मालक परवान्याची पावती मागत नाही. स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ६३-ब नुसार संगणक-प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंडाची तरतूद आहे. कायद्याचा बडगा दूर ठेवला तरी, प्रणालीचे कुलूप फोडण्यासाठी अनोळखी हाताने बनविलेले 'क्रॅक' वापरायचे आणि त्याच संगणकावर ग्राहकाचे ड्रॉइंग व बँकेचे व्यवहार ठेवायचे, हे चोराच्या हाती किल्ली देण्यासारखे आहे. ज्यांना परवाना परवडत नाही, त्यांच्यासाठी लिनक्स हा प्रामाणिक मार्ग आहे.

सर्व्हरचे गणित

सर्व्हरच्या बाबतीत चित्र पालटते. विंडोज सर्व्हरचा परवाना प्रोसेसरच्या कोअरवर मोजला जातो. सर्व्हर लहान असला तरी किमान १६ कोअरचे पैसे भरावे लागतात. शिवाय त्याला जोडणाऱ्या प्रत्येक वापरकर्त्यासाठी किंवा संगणकासाठी स्वतंत्र प्रवेश-परवाना घ्यावा लागतो आणि दूरस्थ पद्धतीने सर्व्हरवर काम करायचे तर त्याचा परवाना आणखी निराळा. चाळीस जण सर्व्हर वापरत असतील तर हा खर्च मूळ परवान्याच्या तोडीस येऊ शकतो. कोटेशनमध्ये पहिली ओळ वाचून निर्णय घेणाऱ्यांची फसगत इथेच होते. 'विंडोज सर्व्हर २०१२' आणि त्याच्या 'आर-२' आवृत्तीचे साहाय्य ऑक्टोबर २०२३ मध्ये संपले. 'सर्व्हर २०१६' ची मुदत १२ जानेवारी २०२७ ही आहे.

लिनक्सने मोठ्या उद्योगांच्या सर्व्हरकक्षात केव्हाच बस्तान बसविले आहे. एसएपीचा 'हाना' हा डेटाबेस फक्त लिनक्सवर चालतो. मायक्रोसॉफ्टने स्वतःचा एसक्यूएल सर्व्हर २०१७ पासून लिनक्सवर उपलब्ध केला. फाइल साठवणे आणि वापरकर्त्यांची ओळख तपासणे ही कामे 'सांबा' या मुक्त सॉफ्टवेअरने होतात. मुंबईच्या फ्रॅपे टेक्नॉलॉजीजचे 'ईआरपीनेक्स्ट' हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर खरेदी, साठा, उत्पादन आणि हिशेब एकत्र सांभाळते व ते लिनक्सवरच चालविले जाते. मराठी मुलखातील मध्यम कारखान्याला परदेशी कंपनीच्या दारी न जाता ही सोय उपलब्ध आहे.

परंतु फुकट मिळणारी प्रणालीही एखाद्या संस्थेच्या निर्णयावरच जगत असते, हे २०२० साली दिसले. 'सेंटओएस' हे लिनक्स जगभरच्या असंख्य सर्व्हरवर होते. 'सेंटओएस ८' ला २०२९ पर्यंत दुरुस्त्या मिळतील, असे गृहीत धरले गेले होते. रेड हॅटने डिसेंबर २०२० मध्ये ही मुदत एकदम २०२१ च्या अखेरीपर्यंत खाली आणली. आठ वर्षांच्या भरवशाचे एक वर्ष झाले. त्यातून 'अल्मालिनक्स' आणि 'रॉकी लिनक्स' हे पर्याय २०२१ मध्ये उभे राहिले आणि सेंटओएस वापरणाऱ्यांना फार मोडतोड न करता तिकडे जाता आले. लिनक्सचा खरा लाभ इथे आहे. एकाने दार लावले तरी मूळ सामग्री खुली असल्याने दुसरा ते उघडू शकतो. बंद प्रणालीत ही मुभा नसते. नव्वदच्या दशकात नॉव्हेल नेटवेअर आणि फॉक्सप्रोवर कारभार उभारलेल्या कारखान्यांना बाहेर पडताना काय सोसावे लागले, हे त्या काळातील संगणक विभागांना आठवत असेल.

लिनक्सचा खरा खर्च माणसाचा आहे. विंडोज सर्व्हर सांभाळणारा तंत्रज्ञ औद्योगिक वसाहतीत फोन करताच मिळतो, लिनक्सचा जाणकार शोधावा लागतो. एकाच माणसाला सारे माहीत असेल आणि तो नोकरी सोडून गेला, तर परवान्यात वाचलेले पैसे एका आठवड्यात निघून जातात. लिनक्स 'अभेद्य' असल्याचा दावाही खरा नाही. मार्च २०२४ मध्ये लिनक्समध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्सझेड' या लहानशा साधनात कोणीतरी मुद्दाम दडविलेली चोरवाट उघड झाली. तिचा शोध एका अभियंत्याला संगणक किंचित मंद वाटल्यामुळे लागला. दुसरीकडे १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अद्ययावतीकरणाने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक कोलमडले. तिथे हल्लेखोर कोणीच नव्हता. दोन्ही घटना मिळून एकच गोष्ट सांगतात: प्रत्येक नवी दुरुस्ती आधी एका संगणकावर तपासावी, मग सर्वत्र बसवावी.

यंत्राशेजारचा संगणक

सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत धोक्याचा संगणक तो हाच. यंत्राची प्रत्यक्ष हालचाल ठरविणारा नियंत्रक सहसा स्वतःच्या खास प्रणालीवर चालतो. पण समोरचा पडदा, प्रोग्राम साठविणे, मोजमापाच्या यंत्राचे सॉफ्टवेअर यांसाठी विंडोजचा संगणक लावलेला असतो. त्यातील एखादे कार्ड किंवा ड्रायव्हर जुन्याच आवृत्तीवर चालते. 'प्रणाली बदलाल तर जबाबदारी आमची नाही,' असे यंत्र देणारा सांगतो. नवे सॉफ्टवेअर घ्यायचे तर अनेकदा नियंत्रकच बदलावा लागतो. म्हणून 'एक्सपी' तिथे तशीच राहते. हा कारखानदाराचा आळस नसतो; चालू यंत्राला हात न लावण्याचे त्याचे शहाणपण असते. मात्र तेच यंत्र कार्यालयाच्या जाळ्याला जोडले की ते शहाणपण अंगलट येते.

जाळ्याला जोडले नाही म्हणजे निर्धास्त, असेही म्हणता येत नाही. २०१० साली उघडकीस आलेला 'स्टक्सनेट' इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात पोहोचला. त्याचे वाहन यूएसबी होते आणि त्याने विंडोजच्या मार्गाने सीमेन्सच्या नियंत्रकांवर ताबा मिळविला. एवढा संपन्न शत्रू लघुउद्योगाच्या वाट्याला येणार नाही. पण शिफ्ट बदलताना खिशातून निघणारा पेन ड्राइव्ह मात्र प्रत्येक कारखान्यात असतो. जुन्या यंत्रांचे जाळे कार्यालयापासून वेगळे ठेवणे, प्रोग्रामची ने-आण एकाच तपासलेल्या संगणकातून करणे आणि त्या डिस्कची प्रत काढून कपाटात ठेवणे, हे तीन उपाय प्रणाली न बदलता करता येतात. नवे यंत्र घेताना दीर्घ मुदतीची औद्योगिक आवृत्ती मागता येते. 'विंडोज १० आयओटी एंटरप्राइज एलटीएससी २०२१' ला जानेवारी २०३२ पर्यंत दुरुस्त्या मिळतात. ही आवृत्ती सहसा यंत्राबरोबरच येते. म्हणून ती मागण्याची वेळ खरेदीपूर्वीची असते.

युरोपने ही जबाबदारी यंत्र बनविणाऱ्यावर टाकली आहे. युरोपीय संघाचा 'सायबर रेझिलियन्स कायदा' डिसेंबर २०२४ मध्ये अमलात आला असून त्याची मुख्य बंधने ११ डिसेंबर २०२७ पासून लागू होतात. डिजिटल घटक असलेल्या उत्पादनांना सर्वसाधारणपणे किमान पाच वर्षे सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविणे त्यानुसार उत्पादकावर बंधनकारक ठरते. युरोपला यंत्रे वा विद्युत-नियंत्रक विकणाऱ्या भारतीय कंपन्यांनाही हे पाळावे लागेल. मग भारतीय ग्राहकाने तोच हक्क खरेदीच्या करारात का मागू नये?

पणाला काय लागते?

२०२५ च्या सप्टेंबरात जग्वार लँड रोव्हरवर झालेल्या सायबर हल्ल्याने या प्रश्नाचे उत्तर दिले. तेव्हा टाटा मोटर्सच्या मालकीच्या असलेल्या या कंपनीचे ब्रिटनमधील उत्पादन महिनाभराहून अधिक काळ ठप्प झाले. ब्रिटनच्या सायबर मॉनिटरिंग सेंटरने तेथील अर्थव्यवस्थेचे नुकसान १९० कोटी पौंड इतके आणि बाधित संस्थांची संख्या पाच हजारांहून अधिक असल्याचा अंदाज वर्तविला. ब्रिटिश सरकारने दीडशे कोटी पौंडांच्या कर्जाला हमी दिली. मुख्य कंपनी सावरली. पण सुटे भाग पुरविणाऱ्या लहान उद्योगांवर, त्यांची काही चूक नसताना, कामगारकपातीची वेळ आली. पुरवठासाखळीत धक्का वरून खाली येतो तसा खालून वरही जातो. उद्या भोसरीतील एखाद्या पुरवठादाराच्या संगणकातून ग्राहकाच्या जाळ्यात विषाणू गेला, तर पहिली गोष्ट जाईल ती ऑर्डर आणि दुसरी, तिथे काम करणाऱ्या चाळीस-पन्नास जणांचा पगार. त्यांच्यासाठी कर्जहमी घेऊन कोणी धावून येईल, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे ठरेल.

कायद्याची अपेक्षाही वाढली आहे. 'सर्ट-इन' या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळविणे आणि संगणकीय नोंदी १८० दिवस जपणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. ज्या सर्व्हरवर नोंदी ठेवण्याची सोयच चालू केलेली नाही, त्याच्या मालकाला सहा तासांत सांगण्यासारखे काहीच नसते.

नॉर्वेच्या नॉर्स्क हायड्रो या ॲल्युमिनियम कंपनीवर मार्च २०१९ मध्ये असाच हल्ला झाला. तिने खंडणी दिली नाही. अनेक ठिकाणी कामगारांनी कागदावर नोंदी करून हाताने काम चालविले आणि जपून ठेवलेल्या बॅकअपमधून कारभार पुन्हा उभा केला. तिथे कंपनीला तारले ते बॅकअपने आणि संगणकाविना काम चालविता येणाऱ्या माणसांनी. कोणत्या संगणकावर कोणती प्रणाली होती, हा प्रश्न त्यानंतरचा.

या साऱ्याचा निष्कर्ष विंडोज किंवा लिनक्स यांपैकी कोणा एकाच्या पारड्यात पडत नाही. हिशेब आणि डिझाइनच्या टेबलावर परवानाधारक विंडोज, स्टोअर्स व शॉपफ्लोअरच्या साध्या कामांसाठी आणि, जाणकार माणूस मिळत असेल तर, सर्व्हरसाठी लिनक्स, यंत्राशेजारी दीर्घ मुदतीची आवृत्ती व वेगळे जाळे, ही विभागणी बहुतेक लहान-मध्यम कारखान्यांना मानवेल. परंतु विभागणीपेक्षा महत्त्वाची आहे ती एका पानाची नोंद: कोणता संगणक, कोणती प्रणाली, तिची मुदत कधी संपते, बॅकअप कुठे आहे आणि तो शेवटचा परत उतरवून कधी पाहिला. यंत्राच्या तेलपाण्याचा तक्ता प्रत्येक कारखान्याच्या भिंतीवर असतो. त्याच्या शेजारी हे पान लावायला खिळ्याखेरीज कसलाही खर्च येत नाही.